बारा व्होल्टांची संध्याकाळ

दिवसा ती गाडी होती आणि अंधार पडला की चार चाकांवरच्या दोन मेणबत्त्या. हेडलाइट लावले तरी समोरचा रस्ता दिसायचा नाही. हेडलाइट लागलेत एवढंच दिसायचं, आणि तेही खाली उतरून पुढे जाऊन पाहिलं तर. हॉर्न दाबला की सर्दी झालेल्या माणसानं दाराआडून 'कोण आहे?' विचारावं तसा आवाज यायचा. वायपर डावीकडे गेला की परत यावं की न यावं, याचा विचार करत तिथेच थांबायचा. जुन्या काळी गाड्यांना सहा व्होल्टची बॅटरी असे, आणि त्या काळच्या लोकांना बहुधा संध्याकाळनंतर कुठे जायचं नसे.

सूनबाईला मात्र जायचं होतं. कुठे, ते विचारू नका. ते तिलाही ठाऊक नव्हतं.

घरात एक पिल्लू होतं, नुकतंच रांगायला लागलेलं. दिवसभर ते तिच्या कडेवर असायचं, आणि कडेवर नसलं की ते कुठे गेलं हे शोधत ती घरभर असायची. सासूबाई जीव लावायच्या, पण गुडघ्यांमुळे त्यांचं जीव लावणं एका खुर्चीपुरतं होतं. दिवेलागणीला नवरा कामावरून यायचा, हातपाय धुऊन पिल्लू उचलून घ्यायचा, आणि त्या क्षणी सूनबाईचे दोन्ही हात एकदम मोकळे व्हायचे. इतके मोकळे की त्यांचं काय करायचं ते कळायचं नाही. ती उगाच टेबल पुसायची. पुसलेलं टेबल परत पुसायची. मग खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघायची. तिला एक तास हवा होता. ज्यात कोणी 'अगं' म्हणणार नाही, असा एक तास. पण ती सुटायची तेव्हाच नेमकी गाडी आंधळी व्हायची.

पायी का नाही जात, असं नवऱ्यानं एकदा भाबडेपणानं विचारलं होतं. ती गेलीही होती. गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर प्रत्येक फाटकातून 'एकटीच? आणि बाळ कुठे ठेवलं?' असं विचारण्यात आलं. जणू छत्री विसरून आली होती. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिलाच शंका आली आणि ती पळत घरी परत आली. पिल्लू बापाच्या पोटावर बसून त्याचा चष्मा चघळत होतं.

म्हणून एके दिवशी जेवताना तिनं जाहीर केलं की गाडी बारा व्होल्टची करायची.

गाडी तिच्या वडिलांची. क्लच दाबताना पाय भरून यायला लागला तेव्हा त्यांनी किल्ली लेकीच्या हातात ठेवली, शेजारी उभ्या असलेल्या जावयाच्या नाही, आणि जावयानं सुटकेचा श्वास टाकला. किल्ली तिलाच, कारण तिच्या लहानपणी वडील बॉनेटखाली डोकं घालायचे तेव्हा विजेरी धरून उभी राहणारी ती होती. जावयाला गाडीतलं जे कळायचं ते दार उघडण्यापासून सुरू व्हायचं आणि दार लावण्यापाशी संपायचं.

सासूबाई म्हणाल्या, चालतीये ना? मग चालू दे. हे त्यांचं फ्रिजबद्दल, दातांच्या डॉक्टरबद्दल आणि सरकारबद्दलही मत होतं. नवऱ्यानं विचारलं, एकूण वाढणार किती व्होल्ट? सहा, असं कळल्यावर तो म्हणाला, एवढंच ना? मग एका रविवारचं काम आहे. पुढे कितीतरी रविवार आले आणि गेले; त्या वाक्याची आठवण कोणी त्याला करून दिली नाही, हा त्या घराचा मोठेपणा.

बातमी वर पोचली. वरच्या मजल्यावर एक काका राहायचे. वीज कंपनीच्या मीटर विभागातून निवृत्त झालेले, आणि आता मीटर नसल्यामुळे माणसांची नोंद घेणारे. त्यांनी हयात दोनशे तीस व्होल्टमध्ये काढलेली. बारा व्होल्ट म्हणजे त्यांच्या लेखी खुळखुळा. ते गॅलरीतून सल्ला द्यायचे. सल्ला खाली येईपर्यंत अर्धा वाऱ्यानं उडायचा, मग उरलेला अर्धा द्यायला ते स्वतः खाली यायचे, आणि दोन्ही अर्धे एकमेकांशी जुळायचे नाहीत. समोरच्या वहिनींनी तर झाडांना पाणी घालता घालता एवढंच म्हटलं, "सहाचे बारा करायला निघालीस, गाडीचेच बारा वाजायचे नाहीत ना?" आणि दिवसभर जो कोणी भेटेल त्याला तोच विनोद ऐकवला. संध्याकाळी तो विनोद नवऱ्याबरोबर घरी परत आला.

मग गाड्यांचा वायरमन आला. त्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. काहीही विचारलं तरी तो 'होऊन जाईल' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे. होऊन-जाईल वाईट माणूस नव्हता. फक्त एखाद्या बाईला गाडीतलं कळू शकतं, ही कल्पना त्याच्या डोक्यात शिरायला वाट नव्हती. तो प्रश्न नवऱ्याला विचारायचा. नवरा बायकोकडे बघायचा. बायको उत्तर द्यायची. आणि होऊन-जाईल नवऱ्याकडे बघून मान डोलवायचा.

"साहेब, डायनॅमो ठेवायचा का काढायचा?"

"काढायचा," सूनबाई म्हणाली. "अल्टरनेटर बसवायचाय."

"बरोबर बोललात, साहेब," होऊन-जाईल म्हणाला.

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. पिल्लू त्यांच्या खांद्यावर दूध ओकलं.

आता, व्होल्ट वाढवणं म्हणजे काय, तर वाटतं की जुनी बॅटरी काढायची आणि मोठी ठेवायची. तसं नसतं. मोठी बॅटरी ठेवली की सगळे बल्ब बदलावे लागतात, नाहीतर ते क्षणभर सूर्य होतात आणि मग कायमचे विझतात. बल्ब बदलले की हॉर्न रुसतो. कॉइल बदलावी लागते. बॅटरी भरणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी नव्या जातीचा अल्टरनेटर आणला तर तो त्या जागेत मावत नाही, म्हणून वेगळी पट्टी ठोकून घ्यावी लागते. पट्टी ठोकली की इंजिनाचा पट्टा सरळ फिरत नाही. पट्टा सरळ केला की बॉनेट लागत नाही. आणि वायरी! त्या काळच्या वायरींना कापडाचं वेष्टन असे. हात लावला की पापडासारखं ते हातात यायचं. एक वायर ओढली की तिच्यामागून तीन यायच्या, एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्यानं खानदान घेऊन यावं तशा. महिना उलटायच्या आत जेवणाच्या टेबलावर गाडी जास्त होती आणि खाली गाडीत कमी. घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवायला लागली. सासूबाईंनी चष्मा समजून एकदा फ्यूजची डबी कपाळावर नेली, पण त्याबद्दल त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

मध्येच होऊन-जाईलनं शंका काढली की असा बदल केला तर वाहन कचेरीची परवानगी लागते, साहेबांना विचारा. साहेबांना विचारून उपयोग नव्हता, म्हणून सूनबाई पिल्लाला घेऊन कचेरीत गेली. पहिल्या खिडकीत रंगबदल व्हायचा. दुसरीत इंजिनबदल. तिसऱ्या खिडकीतल्या बाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, सहाची बारा म्हणजे सीटं वाढवली का? मग ती प्रवासी वाहनात जाते. तिनं व्होल्ट समजावून सांगितले. ते म्हणाले, असा बदल आमच्याकडे नाही, त्यामुळे त्याला परवानगी देता येत नाही. आणि बदलच नसल्यामुळे नाकारताही येत नाही. हा युक्तिवाद ऐकत असताना पिल्लानं शिक्क्याच्या निळ्या गादीत दोन्ही पंजे बुडवले, आणि पुढची पाच-सात कागदपत्रं त्यानं स्वतःच मंजूर केली. त्यानंतर काम फार वेगानं झालं. बाबू उठून उभे राहिले आणि म्हणाले, ताई, तुम्ही आधी घरी जा. गाडी खुशाल चालवा. कोणी विचारलं तर सांगा, विचारलं होतं म्हणून. पिल्लू पुढे बरेच दिवस निळं होतं.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याचा यात दोष असा नाही, आणि आहेही.

या गाडीत एक खोड होती. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीचं मायनस टोक गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॉडीला जोडलेलं असतं. हिच्यात उलटं, प्लस बॉडीला. होऊन-जाईल रोज येता-जाता ते घोकायचा, आणि ऐकून ऐकून नवऱ्याला ते पाठ झालं. सूनबाईच्या त्या सगळ्या जगातलं त्याला कळलेलं हे पहिलं आणि एकमेव वाक्य. त्याला त्याचा फार अभिमान वाटला. कामावर डबा खाताना तो सहकाऱ्यांना सांगू लागला, की जुन्या गाड्यांचं काय असतं, प्लस बॉडीला असतो. सहकारी म्हणायचे, अरे वा, तुला बरंच कळतं की गाड्यांतलं. तो नम्रपणे लिंबाची फोड पिळायचा.

पण नवा अल्टरनेटर आला तो आजच्या जमान्याचा. त्याला मायनसच बॉडीला लागतं. सूनबाईनं सगळी जोडणी उलटी करून घेतली आणि घरात सांगितलंही. नवरा तेव्हा पिल्लाचा लंगोट बदलत होता, तोंडात पिना धरून. तो "हं" म्हणाला. लंगोट बदलणारा माणूस "हं" म्हणतो तेव्हा त्यानं ऐकलेलं असतंच असं नाही, हे तिला कळायला हवं होतं.

शनिवारी दुपारी ती पिल्लाला थोपटत आत पडली होती. बॅटरी चार्ज होऊन आली. नवऱ्यानं विचार केला, उठल्यावर तिला सगळं तयार दिसेल, किती बरं वाटेल तिला. बाह्या वर केल्या, पाना घेतला आणि आपल्या एकुलत्या एका ज्ञानाला स्मरून प्लस बॉडीला जोडला.

मोठा आवाज वगैरे झाला नाही. नुसतं 'फुस्स' झालं, आणि नव्या कोऱ्या अल्टरनेटरमधून धुराची एक बारीक वेणी निघाली. वरचे काका गॅलरीतून म्हणाले, धूर येतोय. हा त्यांचा त्या महिन्यातला एकमेव बरोबर सल्ला.

सूनबाई धावत खाली आली तेव्हा नवरा हातात पाना घेऊन उभा होता, शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलासारखा.

"प्लस बॉडीला," तो म्हणाला.

तिच्याकडे बोलण्यासारखं खूप होतं. दोन महिन्यांचं साठलेलं होतं. ओठापर्यंत आलंही होतं. पण त्याच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा होता, आणि शर्ट तोच होता, जो तो फक्त बाहेर जाताना घालायचा.

"कालपर्यंत बरोबर होतं," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, की त्यांनी आधीच म्हटलं होतं. काय म्हटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि गरजही नव्हती. दुसरा अल्टरनेटर नवऱ्यानंच पुढाकार घेऊन जुन्या गाड्या तोडणाऱ्याकडून आणला. तिथे त्याला प्रश्न विचारण्यात आले आणि शेजारी बायको नव्हती. तरी तो आणला. त्याबद्दल त्या घरात अजून आदरानं बोललं जातं.

आणि शेवटी एका संध्याकाळी गाडी बारा व्होल्टची झाली. नुसती झाली नाही, अंगात आल्यासारखी झाली. स्टार्टर पूर्वी कण्हत कण्हत फिरायचा, त्यानं किल्ली फिरवायच्या आधीच इंजिन चालू केल्यासारखं वाटलं. हॉर्न वाजला तेव्हा काकांच्या हातातली बशी गॅलरीतून खाली आली; कप वरच राहिला. वायपरची मोटर जुनीच ठेवली होती, होऊन-जाईल म्हणाला होता, होऊन जाईल. ती अशी काही फिरली की एक वायपर निसटून समोरच्या वहिनींच्या कुंडीत जाऊन उभा राहिला, जणू तिथेच उगवलाय. आणि हेडलाइट लागले तेव्हा समोरची भिंत, भिंतीवरची खिडकी आणि खिडकीच्या पडद्याआड उभ्या वहिनी, असं सगळं लख्ख दिसलं. त्या पडदा पुसत होत्या म्हणे.

पेट्रोलचा काटाही पार टोकाला जाऊन 'भरलेली'वर बसला होता. नवरा खूश. काका म्हणाले, व्होल्ट वाढले की गाडी पेट्रोल कमी पिते, साधं शास्त्र आहे. होऊन-जाईल म्हणाला, साहेब, हे मात्र मलाही माहीत नव्हतं. सूनबाईनं काट्याकडे पाहिलं, पण काटा भरलेला दिसतोय म्हणून जगात कोणी तक्रार केली आहे? शिवाय तिचं लक्ष रस्त्याकडे लागलं होतं.

"मी एक चक्कर मारून येते," ती म्हणाली.

काका चाचणीला म्हणून पुढच्या सीटवर बसायला निघाले. होऊन-जाईलला कोपऱ्यापर्यंत जायचंच होतं. सासूबाईंना खूप दिवसांत हवा लागली नव्हती. नवऱ्यानं पिल्लाला टोपी घातली.

"एकटी," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती घरदार सोडून निघाली होती. मग नवऱ्यानं पिल्लाची टोपी काढली आणि फाटक उघडून धरलं.

ती गेली. गल्ली संपली, दुकानं संपली, पाण्याच्या टाकीपलीकडचा सरळ रस्ता लागला. दिव्यांनी पुढचा रस्ता सतरंजीसारखा उलगडत नेला. झाडांचे बुंधे, मैलाचा दगड, कुंपणावर वाळत टाकलेली कोणाची तरी चादर, सगळं आधी उजळायचं, मग मागे जायचं. पहिली काही मिनिटं तिच्या कानात पिल्लू रडत होतं. ते खरं नाही हे माहीत असूनही दोनदा तिनं मागच्या सीटकडे पाहिलं. गिअरपाशी हात गेला, वळावं का असं वाटलं. वळली नाही. मग हळूहळू कानातलं रडणं थांबलं आणि इंजिनाचा आवाज ऐकू येऊ लागला.

आणि मग तोही थांबला.

दोन आचके देऊन गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. काटा 'भरलेली'वर होता. गाडी रिकामी होती. सहा व्होल्टच्या काट्याला बारा व्होल्ट दिले की तो टाकीत काय आहे ते सांगत नाही, मनात येईल ते सांगतो. हे तिला विजेरी धरण्याच्या वयापासून माहीत होतं. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती काही वेळ स्वतःबद्दल जे बोलली ते इथे लिहिण्याजोगं नाही.

मग तिनं घरी फोन केला. पेट्रोल संपलंय, पाण्याच्या टाकीपलीकडच्या रस्त्यावर आहे, बाटलीतून आणा. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "सावकाश या."

फोन ठेवला. आधी सवयीनं हात चालू झाले. तिनं डॅशबोर्ड पुसला. सीटखाली पिल्लाचा एक मोजा सापडला, तो घडी करून ठेवला. एका मोज्याची घडी घालता येत नाही, तरी घातली. मग करायला काही उरलं नाही. काच खाली केली. कुठेतरी बेडूक बोलत होता. ती वाट बघत राहिली, आता कोणीतरी 'अगं' म्हणेल. कोणी म्हणालं नाही. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे कानांपासून खाली आले, आणि ते इतके दिवस वर होते हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

मागच्या आरशात लांब वळणावर दोन दिवे दिसले. काकांची छोटी गाडी. दुसरी कोणाची असूच शकत नव्हती, कारण डावीकडचा इशारा लुकलुकत होता आणि वळायला डावीकडे काहीच नव्हतं. आले. इतक्यात आले. 'सावकाश या' याचा त्या घरानं 'धावत या' असा अर्थ घेतला होता, कारण त्यांना ती हवी होती. तिला ते कळत होतं. तिला तेही हवे होते. पण थोड्या वेळानं.

ज्यासाठी जेवणाचं टेबल गेलं, वायपर गेला, एक अल्टरनेटर धूर होऊन गेला, ते दोन लखलखीत दिवे सूनबाईनं हात लांबवून विझवले.

काकांची गाडी जवळून गेली. त्यांचा आवाज येत होता. ते नवऱ्याला पेट्रोल बाटलीतून ओतण्याचं तंत्र सांगत होते. गाडी पुढे गेली. लाल दिवे लहान होत गेले. ती अंधारात हसली, मग तिला वाईट वाटलं, मग पुन्हा हसू आलं, आणि मग तिनं डोळे मिटले आणि काहीच वाटू दिलं नाही. बेडूक बोलत राहिला. तो तास नव्हता. तासाचा एक तुकडा होता. पण अख्खा तिचा होता.

पुढून कुठूनतरी वळसा घालून गाडी परत येताना दिसली तेव्हा तिनं दिवे लावले. त्या झोतात सगळे एकदम सापडले. डोळ्यांवर हात घेतलेले काका, हातात बाटली धरलेला, घामाघूम झालेला नवरा, त्याच्या खांद्यावर गाढ झोपलेलं पिल्लू. आणि मागच्या सीटवर, गुडघ्यांसकट, सासूबाई.

मघाशी इथूनच गेलो, दिसली कशी नाहीस, असं नवऱ्यानं विचारलं. तो घाबरलेला होता. तिनं पिल्लाला त्याच्याकडून घेतलं, आणि ते झोपेतच तिच्या मानेत शिरलं.

"दिवे बंद होते," ती म्हणाली. "बॅटरी उतरेल म्हणून."

"बरोबर केलंस," काका म्हणाले. "इंजिन बंद असताना दिवे लावूच नयेत. मी सांगणारच होतो."

ते आणि नवरा टाकीचं झाकण उघडायला मागे गेले. सासूबाई हळूहळू उतरल्या, गाडीला धरत धरत पुढे आल्या आणि कोणी न बोलावता सूनबाईच्या शेजारच्या सीटवर बसल्या. दार ओढून घेतलं. मागे काका बाटली तिरकी धरण्याबद्दल बोलत होते. समोरच्या रस्त्याकडे बघतच त्या म्हणाल्या:

"तुझं बरंय. माझ्याकडे मेली बंद पडायला गाडीसुद्धा नव्हती."

मग त्या जरा मागे रेलल्या.

"त्यांना म्हणावं, सावकाश ओता. सांडेल उगाच."